खोल्या आमच्या, संडास त्यांचा

कुणाच्याही घरी गेले की ते आधी मागच्या दाराला जायचे. पुढे ओटीवर यजमान वाट बघत उभा असायचा, आत कुणीतरी खुर्ची झटकत असायचं, आणि हे घराला वळसा घालून मोरीपाशी पोचलेले असायचे. मोरीचं पाणी कुठे जातं, संडास किती लांब आहे, विहिरीवर झाकण आहे का, एवढं पाहून झालं की मग पुढे येऊन चपला काढायच्या आणि विचारायचं, "हं, आता सांगा. कसे आहात?" लग्नाच्या जेवणाला आले तरी हेच आणि मयताला आले तरी हेच. गावात त्यांना सगळे लायसनमामा म्हणायचे. तोंडावर नुसतं मामा.

खाकी अर्धी चड्डी, वर पांढरा खमीस, डोक्यावर ऊन असो नसो एक जुनी टोपी आणि खांद्याला गाठी मारलेली दोरी, असा त्यांचा वेष. मुंबईत महापालिकेच्या आरोग्य खात्यात त्यांनी नोकरी केली होती. हॉटेलांची स्वयंपाकघरं तपासायची. लग्न केलं नाही. का केलं नाही ते कुणी विचारलं की म्हणायचे, "जेवायला बोलवायचे त्या घरचं स्वयंपाकघर मी आधी बघायचो. पुन्हा कोण बोलावतंय?" निवृत्त होऊन गावी परतले, वडिलांच्या वाडीत घर बांधलं आणि ग्रामपंचायतीत निवडून आले. निवडून आले म्हणजे दुसरं कुणी उभंच राहिलं नाही. पुढे काय वाढून ठेवलंय हे माहीत असतं तर निम्मं गाव उभं राहिलं असतं.

मी मूळची वसईतल्याच गिरीज गावची. माहेरी केळीची आणि भाजीची वाडी. लग्न होऊन इथे आले, सत्तर साल उलटून गेल्यावर, तेव्हा माहेरची माणसं म्हणाली, पोरीला तळ्याकाठचं घर मिळालं, नशीब काढलं. तळ्याकाठचं घर म्हणजे काय ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तळ्याभोवती आमची दहा-बारा घरं होती आणि प्रत्येक घराने दोन-दोन जास्तीच्या खोल्या काढलेल्या होत्या. मे महिना लागला की मुंबईची माणसं हवापालटाला यायची. वसई रोडला उतरायचं, माणिकपुरातून टांगा करायचा आणि ट्रंका, वळकट्या, स्टो, पोरंबाळं घेऊन महिनाभर राहायचं. त्यांची हवा पालटायची आणि आमची कंबर मोडायची. त्यांचं पाणी भरा, चादरी धुवा, पोरं तळ्यात पडत नाहीत ना ते बघा, आणि संध्याकाळी त्यांच्या बायका विचारणार, "तुम्हाला काय बाई, इथे किती शांत." मला अजूनही चादर पिळायला घेतली की हातापेक्षा मनच आधी थकतं.

पण खोल्यांशिवाय भागत नव्हतं. माझा नवरा वालीवला एका छोट्या कारखान्यात कामाला होता आणि तो कारखाना कधी चालू तर कधी बंद. बंद पडला की मे महिन्याच्या भाड्यातूनच पावसाळ्याचे तांदूळ, लाकडं आणि पोरांच्या शाळेचा खर्च निघायचा. सासूबाई सरळ म्हणायच्या, "या दोन खोल्या म्हणजे आपला दुसरा मुलगा. आणि हा रोज कामाला जातो."

पाहुणे वाढत गेले तसं तळं बिघडत गेलं. काठावर साबणाचा फेस, उष्टं-खरकटं, आणि काही घरांचे संडास तर असे की पावसात त्यांचं काय होतं ते न बोललेलं बरं. आमचाही त्यातलाच. एका वर्षी ऐन मे महिन्यात मासे पोट वर करून तरंगायला लागले. पाहुणे नाकाला रुमाल लावून निघून गेले आणि मामांनी पंचायतीत नियम मांडला. जो भाडं घेऊन पाहुणे ठेवील त्याला पंचायतीचं लायसन लागेल. विहिरीवर झाकण पाहिजे. एका खोलीत किती माणसं ते ठरलेलं पाहिजे. तळ्यात साबण नेणार नाही, असं पाहुण्यांकडून कबूल करून घेतलं पाहिजे. आणि संडासाचा खड्डा तळ्यापासून पन्नास फूट लांब पाहिजे. सरपंच म्हणाले, "मामा, मंजूर, पण वाचून दाखवू नका." मामांनी पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. सगळ्यांनी हात वर केले ते जेवायला घरी जायचं होतं म्हणून. नियम असे मंजूर होतात हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

पन्नास फूट कुठून मोजायचे यावर खरी भांडणं झाली. मे महिन्यात तळं आटून मागे सरकलेलं असतं. लोक म्हणाले, पाण्यापासून मोजा, सगळे बसतो नियमात. मामांनी ऐकलं नाही. भर पावसाळ्यात, तळं पुरतं भरलेलं असताना, त्यांनी गुडघाभर चिखलात फिरून पाणी जिथवर आलं होतं तिथल्या प्रत्येक नारळाच्या बुंध्याला चुन्याची रेघ ओढून ठेवली होती. "ऑगस्टात तळं असतं तिथे त्याचं घर," ते म्हणायचे. "मे महिन्यात ते बाहेर गेलेलं असतं. माणूस बाहेर गेला म्हणून तुम्ही त्याच्या घरात संडास बांधता का?" मोजायला ती गाठींची दोरी. त्यांच्याकडे महापालिकेची टेप होती, पण ती ते काढत नसत. टेपवरचे आकडे वाचणाऱ्यालाच कळतात, गाठी मात्र घरातल्या म्हातारीलाही मोजता येतात, असं त्यांचं म्हणणं.

स्वतःच्या घरातही त्यांनी एक खोली पाहुण्यांसाठी काढली होती. गावातलं पहिलं लायसन त्यांनी त्या खोलीला दिलं, रीतसर, स्वतःच अर्ज करून आणि स्वतःच तपासून. तिथला संडास तर बघण्यासारखा. पांढरा चुना, आत खुंटी, खिडकीला जाळी, पाण्याचं पिंप कायम भरलेलं. फक्त त्या खोलीत राहायला कधी कुणी आलं नाही. फाटकावर त्यांनी राहण्याच्या अटींची पाटी लावली होती. पाय कुठे धुवायचे, आंब्याच्या कोयी कुठे टाकायच्या, रेडिओ कधी बंद करायचा, डोक्याला तेल लावून उशीवर झोपण्याबद्दल काय. एकदा मुंबईचं एक जोडपं टांग्यातून उतरलं, पाटी वाचायला लागलं आणि अर्ध्यावरूनच परत टांग्यात जाऊन बसलं. मामांनी हे गावभर कौतुकाने सांगितलं. "वाचणारी माणसं होती," म्हणाले. "चांगल्या घरची."

त्यांचा जाच फादरनाही चुकला नाही. एका मयताच्या वेळी सगळे कबरीभोवती उभे असताना मामा दोरी घेऊन चर्चच्या विहिरीकडे चालत गेलेले दिसले. फादर प्रार्थना म्हणता म्हणता थांबले, एक डोळा विहिरीकडे ठेवून पुन्हा म्हणायला लागले. मामा परत आले, मान हलवली आणि शेजारच्याच्या कानात म्हणाले, "ठीक आहे. पुरा." ज्याचा बाप पुरायचा होता तो तशा दुःखातही हसला.

आता आमचं. आमच्या अंगणात ऑगस्टच्या रेघेपासून पन्नास फूट लांब अशी एकच जागा होती, मागचा उंच कोपरा. आणि त्या कोपऱ्यात आमचा क्रूस होता. सासऱ्यांच्या आजोबांनी बांधलेला, चुन्याचा, त्याच्यापुढे रोज संध्याकाळी दिवा. मामांनी दोरी ताणली, गाठी मोजल्या आणि सासूबाईंना म्हणाले, "क्रूस इकडे अलीकडे घे. खड्डा तिथे येईल."

आमच्या घरात सगळे आमची बोली बोलायचे. ती जशीच्या तशी लिहिली तर वाचणाऱ्याला अडेल, म्हणून मी इथे सोपी करून लिहिते. सासूबाई आणि मामा एकाच वर्षी कातेकिजमला, म्हणजे चर्चच्या धर्मशिक्षणाला, बसलेले, लहानपणी एकाच बाकावरून फादरांची छडी खाल्लेले. त्यामुळे अरे-तुरे.

"क्रूसाच्या जागी संडास?" सासूबाई म्हणाल्या. "तुला लाज नाही वाटत?"

"क्रूसाच्या जागी नाही. क्रूस हलवल्यावर जी रिकामी जागा राहील तिथे."

"मी मेल्यावर हलव."

"मग लायसनही तेव्हाच देतो," मामा म्हणाले आणि दोरी गुंडाळून गेले.

मी मोरीत भांडी घासत होते. सून म्हणून मला तोंड उघडायचं काही कारण नव्हतं, पण मनातून मी मामांच्या बाजूची होते, आणि तेही पूर्ण नाही. खोल्या गेल्या तर पावसाळा कसा काढायचा हेही मलाच दिसत होतं. मामांच्या बाजूची का, ते सांगायला हवं. माझी पहिली मुलगी, तिला आम्ही छोटी म्हणायचो, ती अशाच एका मे महिन्यात जुलाबाने गेली. वर्षाचीही नव्हती. घरात पाहुणे होते. माणिकपूरचे डॉक्टर म्हणाले, पाणी उकळून प्या. त्यांनी एवढंच सांगितलं आणि आम्ही कुणी पुढे काही विचारलं नाही.

आमच्या घरी रोज संध्याकाळी रोझरी, म्हणजे मरियामातेची जपमाळ, म्हणायची पद्धत. शेवटी सासूबाई घरातल्या मेलेल्यांची नावं घ्यायच्या आणि प्रत्येक नावामागे आम्ही एक नमो मरिया म्हणायचो. छोटी गेल्यावर पहिल्यांदा त्यांनी तिचं नाव घेतलं तेव्हा मी उठून आत निघून गेले. त्यानंतर त्यांनी ते नाव घेणं सोडलं. माझ्यावर माया म्हणूनच सोडलं. पण पुढे पुढे मी रोज त्या नावाची वाट बघायला लागले, आणि घ्या म्हणून सांगायचं कसं ते मला कळेना. वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी सासऱ्यांच्या नावानंतर एक क्षण यायचा, मी श्वास धरायची, आणि मग सासूबाई क्रूसाची खूण करून उठायच्या.

मामांच्या नियमात एक फट होती. नात्यातल्या पाहुण्यांना लायसन लागत नव्हतं. झालं, त्या मे महिन्यात तळ्याकाठच्या निम्म्या घरांना अचानक मुंबईत नातेवाईक फुटले. कुणाचा गुजराती व्यापारी मावसभाऊ झाला, कुणाची पारशी बाई आत्या. मामांनी नियम बदलला नाही. ते रोझरीच्या वेळी एकेका घरी जायला लागले. दार उघडंच असायचं, प्रार्थनेला आलेल्या माणसाला कोण अडवणार? ते मागे गुडघ्यावर बसायचे आणि नुसते ऐकायचे. नात्यातल्या माणसाला कुठे काय म्हणायचं ते ठाऊक असतं. मेलेल्यांची नावं आली की त्याचा चेहरा बदलतो. आणि रोझरी संपली की घरातली पोरं प्रत्येक मोठ्या माणसाकडे जाऊन आशीर्वाद मागतात, ती कुणाकडे जातात आणि कुणाला वगळतात ते बघितलं की दुसरं काही विचारावं लागत नाही.

ही गोष्ट पसरल्यावर लोकांनी भाडेकऱ्यांना शिकवायला सुरुवात केली. दुपारी ओट्यांवर मुंबईची माणसं नमो मरिया घोकताना ऐकू यायची. शेजारच्या घरी एका गृहस्थाला बायकोचा भाऊ केलं होतं. त्याने सगळं पाठ केलं, खणखणीत म्हटलंही. शेवटी त्या बाईने सवयीप्रमाणे मेलेल्यांची नावं घेतली, त्यात आपल्या वारलेल्या भावाचं घेतलं. तिला भाऊ एकच होता. आणि त्या नावाला सगळ्यांत मोठ्याने आमेन म्हणाला तो हाच. मामा उठले, टोपी घातली आणि म्हणाले, "ईश्वर त्याला शांती देवो. उद्या सकाळी लायसनला या."

आमच्याकडे दादरचे लोक यायचे. आजी, त्यांचा मुलगा, सून आणि दोन नातवंडं. मी लग्न होऊन आले त्याच्या आधीपासून येणारे, हिंदू, आजी तर सोवळ्याच्या घरातल्या. पण संध्याकाळी रोझरीला आजी खुर्ची ओढून आमच्यात बसायच्या, गुडघे दुखतात म्हणून खुर्ची, आणि नातवंडं आमच्या पोरांबरोबर जमिनीवर. कुणी शिकवलं नव्हतं. सासूबाईंनी त्या वर्षी पंचायतीला कळवून टाकलं होतं की हे आमचे नात्यातले. मला माहीत होतं की मामा येणार. पाहुणे नात्यातले ठरले नाहीत तर दुसऱ्या दिवशी त्यांना टांग्यात बसवावं लागणार होतं, आणि कारखाना तेव्हा बंद होता.

ते आले. दारापाशी गुडघे टेकले, टोपी काढून मांडीवर ठेवली. सासूबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि आवाज चढवून म्हणायला लागल्या, जशी काही भांडणाचीच तयारी. रोझरी झाली. सासूबाईंनी नावं घेतली, त्यांच्या सासू-सासऱ्यांची, मग माझ्या सासऱ्यांचं. मग तो रोजचा क्षण आला. सासूबाई क्रूसाची खूण करायला हात उचलत होत्या, आणि खुर्चीतून आजी म्हणाल्या, "आणि आपली छोटी."

सासूबाईंचा हात तसाच वर राहिला. आजींना वाटलं आपलं काही चुकलं. त्या ओशाळून माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "दर वर्षी वाटायचं, हिचं नाव का राहतं. मांडीवर असायची माझ्या." मी उठून गेले नाही. मी नमो मरिया सुरू केलं, मग सासूबाईंनी माझ्या आवाजात आपला मिसळला आणि मग सगळ्यांनी. मला त्या दिवशी काय वाटलं ते आनंद म्हणण्यासारखं नव्हतं. एखादं ओझं इतकी वर्षं एका हातात धरलेलं असावं आणि कुणीतरी नुसतं दुसऱ्या हातात घ्यायला सांगावं, तसं काहीतरी.

पोरं उठली. आमची दोन आणि दादरची दोन. सासूबाईंकडे, आजींकडे, मग दारापाशी मामांकडे. दादरचा धाकटा हात जोडून म्हणाला, "मामा, आशीर्वाद द्या." मामांनी चौघांच्या डोक्यावर हात ठेवला. एरवी ते पोरांचे हात उलटेपालटे करून नखं बघायचे. त्या दिवशी नाही बघितली.

"नात्यातले आहेत," ते सासूबाईंना म्हणाले. "लायसन लागत नाही." आणि निघून गेले. सासूबाईंनी जिंकल्यासारखा दिवा मोठा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागे चादरी धूत होते तर मामा उभे. नेहमीप्रमाणे मागच्या दाराला.

"पोरी," म्हणाले, "नातेवाईक ठरले म्हणून त्यांची घाण तळ्यात जायची थांबली का?"

"नाही मामा."

"मग?"

"मग मी काय करू? घर माझं नाही, क्रूस माझा नाही. खोल्या बंद करा म्हणता तर पावसाळ्यात पोरांना काय घालू ते पण सांगा." मी त्यांच्याशी असं कधी बोलले नव्हते. कुणाशीच बोलले नव्हते. पण दमले होते, आणि दमलेल्या माणसाला भीती कमी वाटते.

मामा धुण्याच्या दगडावर बसले. कुणाच्या मागच्या दारी त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"ती कशाने गेली?"

"जुलाबाने. डॉक्टरांनी सांगितलं पाणी उकळून प्या."

"आधी उकळत नव्हतात?"

"तेव्हापासून उकळतो."

त्यांनी मान वळवून तळ्याकडे पाहिलं. मी विचारलं, "मामा, एवढा जीव का काढता या तळ्यासाठी?" ते म्हणाले, "मुंबईत हजारो मोऱ्या बघितल्या. त्या कुणाच्या कुणाच्या होत्या. हे एक माझं आहे." खांद्याला दोरी होती, पण त्या दिवशी त्यांनी काही मोजलं नाही. उठून गेले.

दुपारी त्यांच्या वाडीच्या बाजूने कोयत्याचा आवाज यायला लागला. त्यांची वाडी आमच्या वाडीला लागून, मध्ये मेंदीचं दाट कुंपण. मामा घामाघूम होऊन कुंपणात वाट पाडत होते. सासूबाई धावत गेल्या.

"अरे, हे काय करतोस?"

"तुमचा संडास बुजवा. उद्यापासून सगळ्यांनी माझा वापरायचा. तुम्हीही आणि पाहुण्यांनीही. रेघेपासून नव्वद फूट लांब आहे."

"पाहुण्यांना रोज सकाळी तुझ्या वाडीत पाठवू? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, लायसनमामाकडे शेवटी माणसं आली."

सासूबाई पदर खोचून तोडलेल्या फांद्या गोळा करायला लागल्या. आमचा जुना संडास माझ्या नवऱ्याने चुना टाकून बुजवला आणि मामांनी आमच्या दोन्ही खोल्यांना लायसन दिलं, नातेवाइकांव्यतिरिक्त कुणी आलं तर असावं म्हणून. त्यात त्यांनी स्वच्छ लिहिलं होतं की खोल्या यांच्या आणि संडास माझा. सरपंच म्हणाले, असलं लायसन असतं का कुठे? मामा म्हणाले, "नियमात संडास पाहिजे असं लिहिलंय. कुणाचा ते लिहिलेलं नाही. तुम्ही त्या दिवशी ऐकलं असतं तर तुम्हाला आठवलं असतं."

पुढची काही वर्षं मे महिन्यातल्या सकाळी मामांच्या वाडीत जत्रा असायची. हातात टमरेल घेऊन मुंबईची माणसं कुंपणातून पलीकडे जायची. मामांनी थांबणाऱ्यांसाठी नारळाखाली बाक टाकला. स्वतः दाढी करून, धुतलेला खमीस घालून समोर खुर्चीत बसायचे आणि प्रत्येकाची विचारपूस करायचे. झोप लागली का? पोट साफ आहे ना? बाहेर येणाऱ्या प्रत्येक पोराला, "हात? साबणाने?" दादरच्या आजींचं काम झालं तरी त्या बाकावर बसून राहायच्या आणि दोघं मुंबईतल्या हॉटेलांबद्दल बोलायची. आजी ज्या हॉटेलचं नाव काढायच्या, मामा हळू आवाजात तिथलं स्वयंपाकघर सांगायचे. आजी दर वर्षी म्हणायच्या, यांच्यामुळे मला बाहेर खायचं एक ठिकाण उरलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायच्या.

मामा एका पावसाळ्याच्या शेवटी गेले. चुन्याच्या रेघा पुसट झाल्या होत्या म्हणून तळ्याच्या कडेने फिरत होते, घरी येऊन ओल्या कपड्यांनीच खुर्चीत बसले आणि उठले नाहीत. माझ्या नवऱ्याने त्यांना पाहिलं तेव्हा चुन्याचा डबा झाकण लावून जागेवर ठेवलेला होता. मयताला सगळं गाव आलं. फादर प्रार्थनेच्या मध्येच एकदा सवयीने विहिरीकडे बघून गेले.

वाडी त्यांच्या मुंबईच्या पुतण्याकडे गेली. तो एकदा आला, फाटकाला कुलूप लावलं, कुंपणातल्या वाटेवर काटेरी तार ओढली आणि परत गेला. त्याचं काही चुकलं असं नाही, त्याला ठाऊकच नव्हतं. संडास तारेपलीकडे दिसत राहिला, पांढरा, स्वच्छ, कुलूप घातलेला. पावसाळाभर आम्ही लांब शेताकडे जात राहिलो. मे महिना जवळ यायला लागला तसं मी ठरवून टाकलं की आता खोल्या बंद. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. माझा नवरा म्हणाला, जुना खड्डाच पुन्हा उघडू, आता विचारणारं कोण आहे?

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी खाडीकाठच्या गावातून खड्डे खणणारा एक माणूस बोलावला आणि त्याला मागच्या कोपऱ्यात नेलं. क्रूसावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"हा इकडे घ्यायचा," म्हणाल्या. "दारापुढे. नीट, सांभाळून. आणि खड्डा इथे."

माझा नवरा म्हणाला, "आई, फादरना तरी विचार."

"फादरना काय विचारायचंय? देव काय या कोपऱ्यातच राहतो?"

मामांची दोरी आमच्याकडेच होती. त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर टांगलेली माझ्या नवऱ्याने आणली होती, कशासाठी ते त्यालाही माहीत नव्हतं. सासूबाईंनी एक टोक चुन्याच्या रेघेपाशी मला धरायला लावलं आणि दुसरं टोक घेऊन स्वतः चालत गेल्या, एकेक गाठ मोठ्याने मोजत. तो माणूस टिकाव टेकवून बघत होता. म्हणाला, "तुमचे मामा आसते तं अजून दोन हात मागं घेतलं आसतं. पानी मानसाचं ऐकत नाय, आसं म्हनायचे." सासूबाईंनी दोन हात मागे घेतलं.

मे महिन्यात दादरचे लोक आले. नातवंडं उंच झाली होती, आजी काठी घेऊन चालायला लागल्या होत्या. त्यांनी आधी कुंपणाकडे पाहिलं, तारेपलीकडचा बाक पाहिला, आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. संध्याकाळी आम्ही रोझरीला बसलो. आजी खुर्चीवर, बाकी सगळे खाली. क्रूस आता समोरच्या दारातून दिसत होता.

शेवटी सासूबाईंनी नावं घेतली. सासू-सासऱ्यांची, नवऱ्याचं, मग छोटीचं. मी क्रूसाची खूण करायला हात उचलला, पण सासूबाई थांबल्या नव्हत्या. त्यांनी आणखी एक नाव घेतलं. बाप्तिस्म्याचं पूर्ण नाव, आडनावासकट. ते कुणाचं ते मला पटकन कळलं नाही. दादरच्या धाकट्याने आजीच्या कानाशी लागून विचारलं, "हे कोण?"

"लायसनमामा," आजी हळूच म्हणाल्या.

सासूबाईंनी मान वळवली नाही. "आपल्या घरातलेच," म्हणाल्या आणि नमो मरिया सुरू केलं. तेव्हापासून आमच्या घरी रोज संध्याकाळी छोटीच्या नावापाठोपाठ मामांचं नाव येतं. आता सासूबाई नाहीत. ती नावं मी घेते.